मॅडम, मीच जास्त मनाला लावून घेतो का?

समुपदेशन करताना हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर येतो. ऑफिसात त्रास देतात असं थेट कोणी म्हणत नाही, सगळे स्वतःपासूनच सुरू करतात, मी कमी पडतोय, मला प्रेशर झेपत नाही, बाकीचे करतायत ना मग मलाच का जमत नाही. म्हणून आज एक केस लिहितेय. त्याची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

नाशिककडचा मुलगा, वय 29, एका खाजगी बँकेच्या शाखेत सेल्सला. बायको घेऊन आली होती. रविवारी संध्याकाळचे पाच वाजले की पोटात गोळा यायचा, जेवण नको, रात्री तीनला जाग आणि मग मोबाईल बघत सकाळ. पोटाच्या डॉक्टरांकडे जाऊन आला होता, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, सगळं नॉर्मल. पहिल्या भेटीत चाळीस मिनिटं तो स्वतःच्याच चुका सांगत होता. शेवटी मी म्हटलं, ते राहू दे, सकाळी गेल्यापासून काय काय होतं ते क्रमाने सांग.

सव्वानऊला व्हिडिओ कॉल, आसपासच्या सगळ्या शाखा हजर. आदल्या दिवशी ज्यांची विक्री झिरो त्यांची नावं मोठ्याने वाचायची, त्यांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आणि साहेब विचारणार, "पगार कशाचा घेतोस?" रात्री साडेदहाला ग्रुपवर परत लिस्ट, झिरोवाले लाल रंगात. सुट्टी मागितली तर "आधी नंबर दे, मग आईला आजारी पाड." आणि एफडी करायला आलेल्या आजोबांच्या गळ्यात पॉलिसी मारायची, हे सांगताना तो माझ्याकडे बघतच नव्हता. सगळं सांगून वर म्हणाला, "पण मॅडम, बँकिंगमध्ये असंच असतं ना."

इथे मी थांबते, कारण हे वाक्य सगळ्यात घातक आहे. काम जास्त असणं वेगळं. मार्च एंडला जीव निघतो, पण टीम चांगली असेल तर माणूस थकतो, आतून मोडत नाही. मी लोकांना एकच विचारते, तुमच्याकडे चूक झाली तर ती सांगता येते का? एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी 1990 च्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या टीममध्येच चुकांची नोंद जास्त निघाली, आणि त्याचं कारण म्हणजे तिथले लोक चुका लपवत नव्हते. हे सांगून त्याला विचारलं, तुमच्या शाखेत काय? तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "आम्ही झिरो येऊ नये म्हणून खोटे लॉगिन, म्हणजे न आलेले अर्ज आले म्हणून दाखवतो. सगळेच."

मग त्याला मी बर्नआउटबद्दल सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची व्याख्या केली त्यात तीन गोष्टी आहेत, पार गळून जाणं, कामाबद्दल मन विटणं आणि आपल्याकडून काही होत नाही असं वाटणं. आणि तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न सुटलेल्या ताणातून येणारी स्थिती म्हटलंय. हे ऐकून त्याची बायकोच आधी रडली.

तीन आठवडे वही लिहायला सांगितली. तारीख, वेळ, कोण काय बोललं ते जसंच्या तसं, कोण हजर होतं, आणि त्या वेळी शरीरात काय झालं. ग्राहकांची माहिती त्यात अजिबात नको, नाहीतर तेच अंगाशी येतं. तिसऱ्या आठवड्यात वही घेऊन आला आणि एक पान स्वतःच वाचून दाखवलं. शाखेतल्या नवीन मुलीला तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "पगार कशाचा घेतेस?" शब्द साहेबांचे, आवाज त्याचा. त्या दिवशी तो पहिल्यांदा रडला. माझ्या मते तिथून खरी सुरुवात झाली, त्या दिवसापर्यंत तो फक्त सहन करत होता.

नोकरी सोड म्हणणं मला सोपं होतं, पण घराचा हप्ता 16,500 आणि हातात चार महिन्यांची शिल्लक, हा हिशोब आम्ही कागदावर मांडला. रात्री नऊनंतर ग्रुप म्यूट. दोन सहकारी तयार झाले, तिघांनी मिळून एचआरला मेल केली, एकही विशेषण नाही, फक्त तारखा आणि मागण्या, की रात्रीची लिस्ट बंद करा, उभं करणं बंद करा आणि रजेचं उत्तर लेखी द्या. त्यातल्या एकीला दिसण्यावरून पण बोललं जात होतं, तिचा रस्ता वेगळा, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त लोक असतील तिथे अंतर्गत समिती लागते आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. नुसतं ओरडणं, पाणउतारा करणं यासाठी आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, म्हणून तर ती वही जपायची.

लिस्ट पाच आठवडे बंद राहिली. मग नवीन नावाने नवीन ग्रुप निघाला. गंमत नाही, पण तेव्हाच त्याची खात्री पटली की प्रश्न आपल्या पोटाचा नव्हता. इंटरव्ह्यू द्यायला लागला आणि चार महिन्यांनी एका पतसंस्थेत लागला, पगार चार हजार कमी. मधल्या काळात दोन रात्री फार वाईट गेल्या, तेव्हा त्याने 14416 ला फोन केला, ही टेलीमानसची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. नंबर सेव्ह करून ठेवा.

जायच्या आधी त्याने त्या मुलीची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर, कारण बोलला होता सगळ्यांसमोर. ती अजून तिथेच आहे. गेल्या आठवड्यात तिचा मला फोन आला, नंबर त्यानेच दिला होता. मी तिला माझ्या एका समुपदेशक मैत्रिणीकडे पाठवलं, मी त्याच्या तोंडून सगळं ऐकून बसलेय आणि तिला तिची गोष्ट पहिल्यापासून ऐकणारं कोणीतरी पाहिजे. फोन ठेवताना तिने विचारलं, "मॅडम, पण मीच जास्त विचार करतेय असं नाही ना?"