आमच्या ऑफिसच्या फुटबॉल टीमने ४-३-३ खेळावं की ४-४-२?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंजवडीतल्या ऑफिसची टीम, पंधरा जण, आजवरचं सगळं खेळणं टर्फवर (जाळीने वेढलेल्या छोट्या मैदानावर) पाच-पाचचं, आणि आता पहिल्यांदाच अकरा-अकराच्या स्पर्धेत उतरताय. तुम्हाला ४-३-३ (गोलकीपर सोडून मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन) हवंय, दोघं ४-४-२ म्हणतायत, आणि एकाने ग्रुपवर ३-५-२ चा फोटो टाकलाय. तर काय लावायचं आणि कोणाला कुठे उभं करायचं?

आधी माझी लायकी सांगतो. वीसेक वर्षं रविवारी सकाळी राइट बॅक (उजव्या कडेचा डिफेंडर) खेळलो. गुडघ्याने राजीनामा दिल्यापासून लाइनबाहेर उभा राहून ओरडतो. त्यामुळे खाली जे लिहितोय ते बहुतेक हरून शिकलेलं आहे.

४-४-२ लावा. का, ते नीट सांगतो, म्हणजे पुढच्या वर्षी माणसं बदलली की तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

२०११ च्या मे महिन्यात बार्सिलोनाने वेम्बलीवर मँचेस्टर युनायटेडला ३-१ हरवलं आणि आमच्या टीमला एका रात्रीत साक्षात्कार झाला. पुढच्याच आठवड्यात खडकीच्या एका टीमसमोर आम्ही ४-३-३ लावून उभे. सहा गोल खाल्ले, त्यातले चार माझ्या बाजूने. बॉल गेला की आमचा राइट विंगर (पुढचा, उजव्या कडेचा माणूस) मध्यरेषेच्या पुढे कमरेवर हात ठेवून, पीएमपीच्या बसची वाट बघावी तसा उभा. समोरून त्यांचा विंगर आणि त्याच्या मागून त्यांचा लेफ्ट बॅक, दोघं माझ्या अंगावर. एकाला धरावं तर दुसरा मोकळा, आणि आतला मिडफिल्डर मदतीला येईपर्यंत क्रॉस पडलेला. हाफटाइमला विंगरवर ओरडलो तर म्हणतो, "मी फॉरवर्ड आहे ना?" त्याचंही बरोबरच होतं. कागदावर त्याला फॉरवर्डच लिहिलं होतं. बार्सिलोनात त्या जागेवर पेद्रो खेळायचा आणि बॉल गेला की पाठलागाला पहिला तोच सुटायचा. आम्ही टीव्हीवर फक्त बॉल बघितला होता.

तेव्हापासून टीम लिहायला बसलो की मी एकच प्रश्न विचारतो: बॉल गेल्यावर परत कोण येणार? बाकीची आकडेमोड त्यानंतर.

जरा हिशोब करा. मैदानाची रुंदी ६५ मीटर धरा. मिडफिल्डला चौघं ओळीत असले तर एकेकाच्या वाट्याला सोळा मीटर येतात. तिघं असले तर जवळजवळ बावीस. सहा मीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण बॉल या टोकाकडून त्या टोकाला गेला की दर वेळी सगळ्या ओळीला सरकावं लागतं, आणि एका मॅचमध्ये हे कित्येकदा होतं. आठवडाभर खुर्चीत बसलेल्या माणसाचे पाय साठाव्या मिनिटाला हा हिशोब बरोबर मांडतात. ४-४-२ मध्ये प्रत्येक फुलबॅकसमोर (कडेच्या डिफेंडरसमोर) आपला एक माणूस मुळातच उभा असतो, त्याला लांबून धावत यावं लागत नाही. नवख्या टीमला एवढं कारण पुरे.

याचा तोटाही सांगतो. समोरच्याने मध्ये तिघं ठेवले तर तुमचे दोघं कमी पडतात, तिसरा माणूस कायम मोकळा सापडतो. उपाय म्हणजे दोन स्ट्रायकरपैकी एकाने बॉल गेल्यावर दहा-पंधरा मीटर खाली यायचं. २०१६ साली प्रीमियर लीग जिंकलेलं लेस्टर आठवा. नाव वार्डीचं झालं, पण त्याच्या जोडीचा ओकाझाकी सतत मागे येऊन मिडफिल्डला हात द्यायचा, आणि मागे कांते दोन माणसांचं काम एकटा करायचा. बॉल त्यांच्याकडे निम्म्याहून कमी वेळ असे. तुमच्याकडे कांते नाही हे मी गृहीत धरतो. म्हणून ओकाझाकी कोण होणार हे आधी ठरवा. वार्डी व्हायला अर्धी टीम तयार असेल.

आता माणसं. "तू कुठे खेळतोस?" असं कोणालाही विचारू नका. पंधरातले नऊ जण स्ट्रायकर निघतील, चार जण मेस्सीची जागा मागतील आणि लेफ्ट बॅक एकही नसेल. त्याऐवजी अर्ध्या मैदानावर सात-सात वीस मिनिटं खेळवा आणि तुम्ही बाहेर उभे राहा. बॉलवर नजर ठेवू नका (हे फार जड जातं, मला दोन वर्षं लागली). बॉल पायात यायच्या आधी मान वळवून मागे कोण बघतो? बॉल गमावल्यावर पहिली पाच सेकंदं कोण काय करतो: धावतो, हात वर करतो, की रेफ्रीकडे बघतो? पाठीवर माणूस असताना कोणाचा टच टिकतो, आणि कोणाला बॉल फक्त समोर मोकळी जागा असली तरच झेपतो?

मान वळवणारे मध्ये. हे सगळ्यात महत्त्वाचं. मिडफिल्डच्या मधल्या माणसाला चारही बाजूंनी लोक येतात. ज्याला फक्त समोरचं दिसतं त्याला तिथे घालू नका, मग त्याची ड्रिबलिंग कितीही देखणी असो. अशा माणसाला कडेला न्या. कडेची लाइन हीच त्याची एक बाजू राखते, त्याला अर्धंच मैदान बघावं लागतं.

प्रत्येक टीममध्ये एक जण असतो ज्याचा पास लोण्यासारखा असतो आणि पाय डांबरात रुतलेले असतात. आमच्याकडे एक बँकेतले काका होते. वय बेचाळीस, पोट सुखवस्तू, पण चाळीस मीटरचा बॉल धावत्या माणसाच्या पायात टाकायचे. आम्ही त्यांना कित्येक वर्षं स्ट्रायकरच्या मागे, दहा नंबरला खेळवलं, कारण "क्रिएटिव्ह माणूस तिथेच खेळतो." तिथे त्यांच्या अंगावर सतत माणूस, वळायला जागा नाही. शेवटी वैतागून त्यांना डिफेन्सच्या पुढ्यात आणलं आणि त्यांना सगळं मैदान समोर दिसायला लागलं. ही आमची अक्कल नव्हे. आंद्रेआ पिर्लो मुळात दहा नंबरच होता. ब्रेशियात त्याला खाली आणलं गेलं, मिलानमध्ये प्रशिक्षक अँचेलॉटीने तीच जागा पक्की केली, आणि पुढे २००६ चा वर्ल्ड कप इटलीने जिंकला तेव्हा खेळाची सूत्रं तिथूनच हलत होती. मात्र पिर्लोच्या शेजारी गाट्टूसो असायचा, परत येणारा. काकांच्या शेजारी आम्ही सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा एक पोरगा ठेवला. तो बिचारा नव्वद मिनिटं दोघांचं धावायचा आणि नंतर मिसळही दोघांची खायचा.

उलट दिशेचं उदाहरण पुण्याचंच आहे. एफसी पुणे सिटी बालेवाडीत खेळायची तेव्हा, २०१७-१८ च्या मोसमात, आदिल खान मिडफिल्डमध्ये डिफेन्सच्या पुढ्यात खेळायचा आणि कॉर्नरवर हेडरने गोल करायचा. पुढे २०१९ मध्ये प्रशिक्षक इगोर स्टिमाचने त्याला भारतीय संघात थेट स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, केलं. सप्टेंबरमध्ये दोह्यात आशियाई विजेत्या कतारला आपण ०-० रोखलं त्या मॅचमध्ये तो संदेश झिंगनच्या जोडीला होता. महिन्याभराने कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध हरता हरता बरोबरी साधली, तो हेडरही त्याचाच. उंची, हेडर, धोका आधी ओळखणं हे सगळं त्याच्याकडे होतंच. जागा दहा-पंधरा मीटर मागे सरकली, एवढंच. तुमच्या टीममध्ये मिडफिल्डला धाप लागणारा पण हवेतला बॉल न सोडणारा कोणी असेल तर त्याला मागे न्यायला कचरू नका.

याहून मोठी उडी भारताचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये मारली होती. स्टॉपर जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडले होते. त्याला बाहेर बसवायच्या ऐवजी रहीमसाहेबांनी थेट पुढे, सेंटर फॉरवर्डला खेळवलं. त्याने सेमीफायनलला दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला, फायनलला दक्षिण कोरियाविरुद्धही केला, आणि आपण २-१ ने सुवर्णपदक जिंकलं. जर्नेलची ताकद त्यांना ठाऊक होती म्हणून हे जमलं. तुम्ही मात्र रविवारी सकाळी सात वाजता ऐन वेळी असला प्रयोग करू नका.

३-५-२ बद्दल. तो फोटो टाकणाऱ्याला विचारा, दोन्ही कडांना विंगबॅक कोण? त्या जागेवर एकट्याने पूर्ण कड सांभाळायची असते, पुढेही आणि मागेही. सप्टेंबर २०१६ मध्ये आर्सेनलकडून ३-० हरल्यावर प्रशिक्षक कॉन्तेने चेल्सीला तीन डिफेंडरवर नेलं, मग लीगमध्ये ओळीने तेरा मॅच जिंकल्या आणि शेवटी लीगही जिंकली. ते जमलं याचं एक मोठं कारण व्हिक्टर मोझेस. हा मुळात विंगर, चेल्सीने तीन वर्षं लागोपाठ दुसऱ्या क्लबांना उसना दिलेला. पण पुढे जाऊन परत यायची फुप्फुसं त्याच्याकडे होती. तुमच्याकडे असे दोन असतील, म्हणजे सकाळी न थांबता दोनदा पर्वतीची टेकडी चढून येणारे, तर खुशाल ३-५-२ खेळा. एकच असेल तर नको. समोरची टीम दोन हल्ल्यांत ओळखते की दुसरी कड उघडी आहे.

(आणि कोणी "फॉल्स नाइन", म्हणजे पुढे न थांबता मुद्दाम खाली येणारा स्ट्रायकर, म्हणालं तर हसून सोडून द्या. ऑफिसच्या टीममध्ये फॉल्स नाइन म्हणजे दमलेला स्ट्रायकर.)

टर्फची सवय हा तुमचा खरा शत्रू आहे. पाच-पाचमध्ये सगळे बॉलभोवती असतात आणि ते चालतं, कारण कडेला गेलं तरी जाळीच लागते. शिवाय ऑफसाइड (डिफेंडरच्या मागे उभं राहून पास घ्यायला मनाई) नसतो. मोठ्या मैदानावर तुमचे दहाही जण पहिल्या दहा मिनिटांत मध्ये गोळा होतील, मी पैजेवर सांगतो. म्हणून दोन्ही वाइड मिडफिल्डरना एवढंच सांगा: बॉल आपल्याकडे आला की बूट कडेच्या लाइनवर, गेला की आपल्या फुलबॅकजवळ. चौघा डिफेंडरमध्ये बोलणारा एकच ठेवा. "बाहेर या" (म्हणजे सगळी ओळ पुढे सरका) कोणी म्हणायचं हे आधी ठरवा, नाहीतर तिघं बाहेर येतील, एक मागे राहील आणि त्यांचा स्ट्रायकर त्याच्याशेजारी, ऑफसाइड न होता, आरामात उभा असेल.

तुम्ही लिहिलंय की एक पोरगा फार वेगात पळतो पण त्याला पास देता येत नाही. तो स्ट्रायकर, त्यांच्या डिफेन्सच्या पाठीमागच्या जागेसाठी. जोडीला पाठीवर माणूस घेऊन बॉल धरू शकेल असा धिप्पाड गडी, आणि परत यायचं कामही त्याचंच. तुमचे दोन चांगले मिडफिल्डर मध्ये, एक पुढे गेला की दुसरा थांबणार. डावखुरा एकच आहे म्हणता, तर त्याला लेफ्ट बॅकला न अडकवता लेफ्ट मिडफिल्डला खेळवा आणि त्याच्यामागे उजव्या पायाचा पण शांत डोक्याचा माणूस ठेवा.

गोलकीपरसाठी आळीपाळी करू नका, हे हात जोडून सांगतो. सगळ्यात कमी कुरकुर करणारा एक जण निवडा, त्याला चांगले ग्लोव्ह्ज टीमच्या पैशातून घेऊन द्या आणि संपूर्ण स्पर्धा त्यालाच ठेवा.

आणि दोन्ही वाइड मिडफिल्डर पंचावन्नाव्या मिनिटाला बदलायचे, कितीही चांगले खेळत असले तरी, कारण तेच सगळ्यात जास्त पळालेले असणार. हे मॅचच्या आदल्या दिवशीच ग्रुपवर लिहून टाका. मैदानावर ऐन वेळी सांगितलंत तर सोमवारी कँटीनमध्ये तुमच्याशेजारी कोणी बसणार नाही.