दावं आहे का?

बाळ,

तुझा निरोप वाचला. ऐन घटस्थापनेला सीना नदीचं पाणी माढा-परंड्याच्या गावांत शिरलं, तेव्हापासून तुझा जीव थाऱ्यावर नाही. तिकडे ओळख ना पाळख, मुक्कामाचा पत्ता नाही, रजा मंजूर नाही, आणि तरी ‘पांडुरंगाच्या भरवशावर निघते’ म्हणतेस. नीघ. तुझ्या आईला मी समजावतो.

पण त्या भरवशाबद्दल थोडं बोलायचंय. मीही असाच निघालो होतो, १९९३ साली. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा निजले आणि ३० तारखेला पहाटे चारच्या आसपास किल्लारी भूकंपाने हादरलं. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. निजलेल्या माणसांच्या अंगावर सगळं घरच आलं.

टेम्पोभर कपडे घेऊन आम्ही दोन दिवसांनी पोचलो. भरवसा माझाही दांडगा होता. ढिगाऱ्याखालची माणसं काढायला देवानेच मला धाडलंय, अशी पक्की समजूत. ढिगारे जवान उपसत होते. मला कोणी पुढे होऊ देईना, आणि ते बरोबरच होतं. वरून पाऊस. रस्त्याकडेला आधीच कपड्यांचे ढीग चिखलात भिजत पडलेले. आमचेही त्यांतच गेले.

एक म्हातारी जवळ आली. साड्यांकडे तिने बघितलंही नाही. म्हणाली, “लेकरा, दावं हाय का?”

घरातली म्हैस तेवढी वाचली होती. दावं तुटून मोकळी हिंडत होती, दोन दिवस धार काढलेली नव्हती. आमच्याकडे शे-दीडशे साड्या होत्या, दावं नव्हतं. शेवटी ताडपत्रीची दोरी सोडली. म्हैस धरताना मी दोनदा चिखलात आडवा झालो. म्हातारीने धार काढली आणि भरलेलं पातेलं हातात घेऊन नुसती उभी राहिली. दूध द्यायला घरात कोणी उरलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी भरवसा उंबरठ्याबाहेर पडण्यापुरता वापरतो. काम कोणतं, ते तिथलं माणूस सांगेल.

तुला कदाचित कागद वाळवायला बसवतील. बस. पंचनाम्याला तलाठी येतात तेव्हा सातबारा, आधार, पासबुक लागतं, आणि ते सगळं लगदा झालेलं असतं. एकेक पान सुटं करून सावलीत वाळव, फोटो काढून ठेव. मेलेलं जनावर पंचनाम्याआधी कोणी पुरत असेल तर निदान कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा फोटो काढ. फोटो काढायची हौस तिथेच फेडून घे, माणसांचे नकोत. आणि कपडे गोळा करू नकोस. विचारलंस तर दहातली आठ घरं कडबा मागतील.

पायाला जखम असेल तर गाळात उतरायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आजच घे. हे तुझ्या आईसाठी लिहिलंय असं समज, पण घे.

‘देवाची इच्छा’ हे शब्द कोणापुढेही काढू नकोस. ज्याची जमीन खडकापर्यंत खरडून गेली, तो देवाशी काय बोलायचं ते बोलेल, शिव्याही देईल. तू मध्ये पडायचं नाहीस. मला अजून लाज वाटते, किल्लारीत मी हे वाक्य एकाला ऐकवलं होतं. तो काही बोलला नाही, उठून गेला.

दिवाळीपर्यंत गाड्यांची रीघ असेल, मग ती आटेल. खरी रजा तेव्हाची टाक. आत्ता चार दिवस पुरेत.

सुंभाची दोन बंडलं आणून ओट्यावर ठेवली आहेत. जाता जाता घेऊन जा.

तुझा,
काका