हाडाचा डॉमिनो आणि गरम सुई

प्रश्न : जुन्या सामानात डॉमिनोचा, म्हणजे ठिपक्यांच्या सोंगट्या जुळवायच्या खेळाचा, संच मिळाला. सोंगट्या वरून पांढऱ्या, खालून काळ्या, मधोमध पितळेचा ठिपका. हस्तिदंत आहे का, हे पाहायला गरम सुई टोचा, असं एकाने सुचवलं. टोचू का? आणि संच पुरा आहे का, हे कसं ओळखायचं?

उत्तर : सुई मुळीच टोचू नका. सोंगटीला कायमचं भोक पडेल, आणि ती सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या ज्वालाग्राही प्लास्टिकची, निघाली तर भडकन पेटेल. त्यापेक्षा भिंग घ्या आणि तिरप्या उजेडात पांढरी बाजू पाहा. बारीक काळपट टिंबं किंवा तुटक रेघा दिसल्या तर ते हाड. जिवंतपणी रक्तवाहिन्या जात होत्या, त्या नळ्यांच्या या खुणा. हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून मला हाडच वाटतं : वर हाडाची पातळ चकती, खाली एबनी हे मुळातच काळं लाकूड किंवा काळं रंगवलेलं लाकूड, आणि दोन्ही थर धरून ठेवणारी पितळेची मेख.

हाड निघालं म्हणून हिरमुसू नका. इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस इथे १७९७ ते १८१४ या काळात युद्धकैद्यांची मोठी छावणी होती. तिथले फ्रेंच कैदी जेवणातल्या मांसाची हाडं उकळून, घासून, त्यांचे डॉमिनो करायचे आणि छावणीच्या बाजारात विकायचे. सरकत्या झाकणाची डबीसुद्धा हाडाचीच. पीटरबरोच्या संग्रहालयात त्यांचं काम जपलेलं आहे. इतक्या कष्टाच्या, नेटक्या वस्तूला केवळ हस्तिदंत नाही म्हणून कमी लेखणं मला पटत नाही. तुमचा संच तिथलाच, असं मात्र यावरून म्हणता येणार नाही. हाड आणि लाकूड जोडलेले असे संच पुढेही पुष्कळ बनले.

आता मोजणी. प्रत्येक सोंगटीवर दोन घरं असतात, आणि घर कोरं असतं किंवा त्यात ठिपके असतात. सर्वांत मोठी सोंगटी दुहेरी सहा (सहा-सहा) असलेल्या संचात २८ सोंगट्या आणि एकूण १६८ ठिपके असतात. कोऱ्यापासून सहापर्यंतचं प्रत्येक घर आठ वेळा यायला हवं. समजा तीन आणि पाच सातच वेळा आले, तर तीन-पाच हरवली. एकच आकडा सहा वेळा आला, तर त्याची दुहेरी सोंगटी गेली.

कोरी घरं युरोपातली. चीनच्या जुन्या संचात ती नसतात. दोन फाशांची २१ दानं, त्यांतली ११ दोनदा, अशा तिथे ३२ सोंगट्या. इटलीत अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हा खेळ दिसू लागला, मग फ्रान्समध्ये गेला आणि शतकाच्या अखेरीस इंग्लंडला पोचला.

आणि कृपा करून संच धुऊ नका. पाण्याने हाड वाकतं, लाकूड फुगतं आणि मेख सैल होते. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झाडा, तेवढं पुरे.