‘शेड’ आणि ‘शॅडो’ या दोहोंचा अर्थ सावलीच, मग कोणता शब्द कधी वापरावा?

इंग्रजी-मराठी शब्दकोशात दोन्ही शब्दांपुढे ‘सावली’ असाच अर्थ दिलेला असताना परीक्षेत रिकाम्या जागी नेमका कोणता भरावा, असा तुमचा प्रश्न आहे. मी नागपुरात इंग्रजी शिकवते, आणि माझे स्पष्ट मत आहे की अशा जोड्यांचा निकाल मराठी अर्थावरून लागतच नाही; शब्द वाक्यात कोणाच्या सोबतीने येतो, ते पाहावे लागते.

मे महिन्याच्या अखेरीस एके दिवशी नागपूरवर सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो (शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे जुलैतही एकदा येतो). त्या वेळी सरळ उभ्या खांबाची जमिनीवर पडणारी आकृती दिसेनाशी होते, ती ‘शॅडो’. कडुलिंबाखाली उभ्या असलेल्या माणसाला मात्र तेव्हाही उन्हापासून आसरा मिळतोच, ती ‘शेड’. शॅडोला आकार असतो आणि ती कुणाची तरी असते, म्हणून तिचे अनेकवचन सहज होते. ऊन न लागणारी जागा या अर्थाची ‘शेड’ मोजता येत नाही, तेथे ‘इन द शेड’ असेच म्हणतात. रंगाच्या छटांना ‘शेड्स’ म्हणतात, पण तो अर्थच निराळा. मुळात हा एकच जुना इंग्रजी शब्द होता. त्याच्या प्रथमेच्या रूपातून ‘शेड’ आणि इतर विभक्तींच्या रूपांतून ‘शॅडो’ निघाला, आणि पुढे दोघांनी कामे वाटून घेतली.

काही जोड्यांत फरक कर्माचा असतो. ‘स्टील’चे कर्म चोरलेली वस्तू, तर ‘रॉब’चे कर्म लुटलेला माणूस किंवा लुटलेली बँक, सायकल चोरीला गेली असेल तर ‘रॉब्ड माय सायकल’ हे चूकच. ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’ (दोहोंचा अर्थ ‘सुरू होणे’) यांत फरक केवळ थाटाचा आहे: पहिला अस्सल जुना इंग्रजी, दुसरा १०६६मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधून आलेला, आणि म्हणूनच तो आजही कायद्यांच्या पहिल्या कलमात शोभतो, मित्राला लिहिलेल्या पत्रात नाही.

तेव्हा परीक्षेच्या तयारीसाठी समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करू नका. शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश घ्या, व्याख्येच्या आधी त्यातील उदाहरणांची वाक्ये वाचा, आणि वहीत सुटा शब्द न लिहिता ते संपूर्ण वाक्य उतरवून घ्या.