मृत्युपत्रात अन्याय झाला, म्हणून ते रद्द होते का?

वडिलांचे तेरावे उरकते, कपाटातून मृत्युपत्र निघते आणि सगळी मिळकत भावाच्या नावे लिहिलेली असते. त्यानंतर "मॅडम, हे कोर्टात टिकेल का?" असे विचारत येणाऱ्या बहिणी मला सोलापुरात समुपदेशन करताना सतत भेटतात. त्यांपैकी एकीची हकीकत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे सांगते.

साखर पेठेतले स्वकमाईचे घर आणि मोहोळ तालुक्यातली पणजोबांपासून चालत आलेली शेती अण्णांनी एकुलत्या मुलाला दिली होती. पहिल्याच भेटीत बाईंनी वहीचे दोन्ही बाजूंनी भरलेले पान पुढे केले. 'दादाला पुण्याला शिकवलं, मला दहावीनंतर घरी बसवलं', 'आजारपणात डबा माझाच', आणि मध्येच 'दवाखान्यातून आल्यावर आठवड्यात सही', 'साक्षीदार दादाच्या कारखान्यातला मुनीम'.

"मृत्युपत्र खरं निघालं तरी जे सलत राहील, त्यावर रेघ मारा," मी म्हटले. बाईंनी जवळजवळ सगळे पान खोडले; दवाखान्याची आणि साक्षीदाराची अशा दोनच ओळी तेवढ्या उरल्या. न्यायालयात उपयोगी पडतील अशा त्याच होत्या.

मुलीला वगळले, एवढ्यावरून मृत्युपत्र रद्द होत नाही, कारण वारसांचा नेहमीचा क्रम बदलण्यासाठीच माणूस ते करतो. भारतीय वारसा कायदा, 1925 नुसार पाहिले जाते ते असे, की करणारा समजत्या मनःस्थितीत होता का, सही किंवा अंगठा त्याचाच आहे का, ती होताना पाहून अथवा त्याच्या तोंडून तिची कबुली ऐकून किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या केल्या का, आणि फसवणूक, धाक किंवा तगाद्यामुळे त्याची इच्छाच हिरावली गेली होती का. नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र निर्विवादही ठरत नाही. ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच ते करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्येच स्पष्ट केले आहे. फसवणुकीचा किंवा दबावाचा आरोप मात्र करणाऱ्यानेच शाबीत करावा लागतो.

बाईंच्या वकिलांनी दवाखान्याचे कागद मागवले. अण्णा पूर्ण शुद्धीवर असल्याची नोंद त्यांत होती. दुसरे साक्षीदार शेजारचे निवृत्त शिक्षक निघाले. अण्णांनी त्यांना स्वतः बोलावून मजकूर दोनदा वाचून घेतला होता.

पुढच्या भेटीत बाई बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे अण्णांनीच लिहिलं."

"ते खोटं निघावं असं तुम्हाला का वाटत होतं?"

"खोटं असतं, तर अण्णा माझे राहिले असते ना."

हे त्यांच्या तोंडून यावे म्हणूनच मी थांबले होते. मृत्युपत्र बनावट ठरले असते, तर दोष सगळा भावाचा होता आणि वडील निर्दोष सुटत होते. अशा अनेक दाव्यांच्या मुळाशी वारलेल्या माणसाला वाचवण्याचीच धडपड असते, असे माझे मत आहे, आणि ती ओळखल्याशिवाय दिलेला कायदेशीर सल्ला पचत नाही. शहरातले काही वकील आता असे पक्षकार आधी माझ्याकडे पाठवतात, हे थोड्या अभिमानानेच नमूद करते.

त्या दिवशी त्या खूप रडल्या. त्यानंतरच शेतीबद्दल नीट बोलता आले. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. ही शेती कधीच वाटली गेली नव्हती आणि आई आधीच वारल्या होत्या. त्यामुळे अण्णांना मृत्युपत्राने देता येत होता तो फक्त स्वतःचा एक तृतीयांश हिस्सा. बाईंचा तृतीयांश अण्णांच्या हातात नव्हताच. सातबाऱ्यावर भावाचे नाव लागले तरी फेरफाराने मालकी ठरत नाही. तरीही नोटीस आल्यावर बाईंनी तलाठ्याकडे लेखी हरकत घेतली.

भावाने आणलेल्या हक्कसोडपत्रावर सही करणार नाही, हे त्यांनी त्याला स्वतःच सांगितले. घरासाठी मात्र त्यांनी दावा लावला नाही.