भावाचा खुबा बदलला, आता तो चांगला चालतो. दिव्यांग प्रमाणपत्राचं आणि निराधारच्या पैशांचं काय होईल? कुठं कळवावं लागतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ २६ वर्षांचा, सिकलसेल एसएस (आई-वडील दोघांकडून दोष आल्यामुळं होणारा रक्ताचा आजार) आहे. खुब्याचा गोळा खराब झाला म्हणून त्याला ४५ टक्क्यांचं, मुदत असलेलं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर संजय गांधी निराधारचं अनुदान सुरू झालं. आता ऑपरेशननंतर तो काठीशिवाय चालतो, आणि शेजारचे म्हणतात, "काहून सांगता? पैसे बंद होतील."

माझं मत स्पष्ट आहे: सांगा. मात्र पूर्ण सांगा, कारण अर्धवट सांगितलं तर त्याचंच नुकसान होईल. माझी बायको एसएस आहे आणि तिचाही खुबा बदललेला आहे, त्यामुळे हे कागद मी घरच्यासाठी हाताळलेले आहेत.

प्रमाणपत्रासाठी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर भाऊ सरळ चालत आत गेला की टक्केवारी शून्यावर येईल, ही भीती आधी काढून टाका. पायाचं अपंगत्व मोजताना सांधा किती वळतो, स्नायूंत ताकद किती, पायाची लांबी कमी झाली आहे का, हे पाहतात. त्याशिवाय स्थिरता पाहतात: सपाट जागेवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं. आता तुम्हीच बघा, खुबा बदललेल्या माणसाला यातल्या किती गोष्टी डॉक्टर मना करतात. उकिडवं बसलं किंवा मांडी घातली तर नवा सांधा निखळू शकतो, म्हणून माझ्या बायकोला दोन्ही बंद आहेत. जेवायला खुर्ची, संडासला कमोड. ती रस्त्यानं चालताना कोणालाच काही कळत नाही. पण जिथं पंगत जमिनीवर बसते तिथं तिची अडचण लगेच दिसते. तर भावाला सर्जनकडून हे लेखी घ्यायला सांगा: कोणत्या हालचाली मना आहेत आणि किती काळासाठी. "पेशंट बरा आहे" एवढंच लिहिलेल्या डिस्चार्ज कार्डावर बोर्डाला काय कळणार?

तरीही खुब्याचे टक्के कमी होण्याची शक्यता आहे, ते मान्य करून चला. ऑपरेशन त्यासाठीच केलं. पण त्याचं रक्त बदललेलं नाही, आणि तुमच्या प्रश्नात हीच गोष्ट सुटली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, त्यात सिकलसेल आजार स्वतंत्रपणे आहे. (नुसता वाहक, म्हणजे एएस असेल तर नाही. तुमचा भाऊ एसएस आहे.) त्याच्या जुन्या प्रमाणपत्रावर फक्त अस्थिव्यंग लिहिलं असेल, तर आता फेरतपासणीच्या अर्जात सिकलसेलसुद्धा नोंदवा. इलेक्ट्रोफोरेसिसचा (सिकलसेल ठरवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट, दुखण्याच्या क्रायसिसमध्ये (तीव्र झटक्यात) किती वेळा भरती झाला त्याची कार्डं, रक्त चढवल्याच्या नोंदी, सगळं तारखेप्रमाणे लावा. दुसऱ्या खुब्याचा आणि खांद्याचा एक्स-रे किंवा एमआरआय झाला असेल तर तोही जोडा. सिकलसेलमध्ये गोळा खराब होणं एकाच बाजूला थांबेल असं नसतं.

दोन प्रकारचे टक्के सरळ बेरजेनं जोडत नाहीत, हेही आधीच माहीत असू द्या. मोठा आकडा अ, छोटा आकडा ब धरला तर सूत्र आहे: अ + ब × (९० − अ) ÷ ९०. समजा सिकलसेलचे ४० आणि खुब्याचे ३० आले, तर एकूण ७० होत नाहीत, साधारण ५७ होतात. ४० च्या वर राहणं महत्त्वाचं, कारण बहुतेक सवलतींची अट तीच आहे. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) रंगही त्यावर ठरतो: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं.

आता पैशांचं. ऑक्टोबर २०२५ पासून या योजनेत दिव्यांगांना महिन्याला २,५०० रुपये आहेत, बाकी लाभार्थ्यांना १,५००. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, इतरांसाठी २१,०००. समजा टक्के ४० च्या खाली गेले, तरी सिकलसेलग्रस्त म्हणून या योजनेत वेगळी पात्रता आहे. फक्त रक्कम कमी होईल आणि उत्पन्नाची अट कडक होईल. म्हणजे "सगळं बंद" हे शेजाऱ्यांचं म्हणणं खरं नाही. पण भावाला काम लागलं आणि घरचं उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं, तर ते तहसीलदारांकडे (संजय गांधी योजना) कळवावंच लागेल. ते लपवू नका. नंतर वसुली निघाली तर ती भरायला तुमच्याकडे पैसे कुठून येणार?

आणि न सांगण्याचा धोका. प्रमाणपत्राची मुदत संपली की ते संपलं, त्यावर लाभ घेत राहता येत नाही. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतला तर २०१६ च्या त्याच कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. २०२५ पासून राज्यात सरकारी नोकरीतल्या दिव्यांग प्रमाणपत्रांची पडताळणी जोरात सुरू आहे. उद्या भावाला आरक्षणातून नोकरीची संधी आली, तर त्याच्या कागदांत एकही शंकेची जागा नको. एसएस मुलं आधीच शाळेचे, कॉलेजचे इतके दिवस दुखण्यात घालवतात. हक्काची जागा कागदापायी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

घाई मात्र करू नका. ऑपरेशननंतर सुधारणा काही महिने चालूच असते, तेव्हा मोजलं तर आकडा पक्का नसतो. सर्जन "स्थिती स्थिर आहे" असं लिहून देतील तेव्हा स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर) फेरतपासणीचा अर्ज करा आणि नागपूरचं मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय निवडा. प्रमाणपत्राची मुदत त्याआधी संपत असेल तर थांबू नका, अर्ज आधीच टाका; २०२४ च्या नियमबदलानंतर प्रमाणपत्र द्यायला तीन महिन्यांपर्यंत वेळ आहे. बोर्डाचा निकाल पटला नाही तर अपील करता येतं, म्हणून जमा केलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवा.

नवं प्रमाणपत्र आलं की त्याची प्रत तहसीलच्या त्याच कार्यालयात अर्जासोबत द्या, आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. अर्जात दोनच वाक्यं पुरेत: अमुक तारखेला खुबा बदलला, फेरतपासणीचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. एसटीचं वेगळं: सिकलसेल रुग्णांना साध्या गाडीत मोफत प्रवास आहे, त्याचा खुब्याच्या टक्क्यांशी संबंध नाही, तो लाभ घेत नसाल तर आगारात विचारा.