टी-रेक्स आणि आजोबा

‘दिवसभर डायनासोरचे व्हिडिओ बघतो आणि रात्री दिवा मालवू देत नाही. टॅबलेट काढूनच घेऊ का?’ सहा ते आठ वर्षांच्या मुलांचे आईबाबा हे इतक्यांदा विचारतात, की एकदा नीट लिहायलाच हवं.

अशाच एका सात वर्षांच्या मुलाच्या घरी टॅबलेट आधीच कपाटात गेला होता. भीती उलट वाढलेली. ‘अरे, तो खरा नसतो,’ ही समजूतही फसली, कारण टी-रेक्स हा डायनासोर खरा होता हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

‘कधी होता रे?’
‘खूप पूर्वी. आजोबा लहान होते तेव्हा.’

गाठ इथे होती. ‘६.६ कोटी वर्षं’ हा आकडा त्याने शंभरदा ऐकला असेल, पण या वयात मूल हातांनी विचार करतं. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेचं हे म्हणणं मला तरी अजून कुठे खोटं ठरलेलं दिसलं नाही.

अडीच मीटर कागदाची पट्टी चिकटवली. एक मिलिमीटर म्हणजे एक लाख वर्षं, टोकाला ‘आज’. मोजपट्टी त्याच्याच हातात. आपल्यासारखा माणूस ३ मिलिमीटरवर. इथिओपियात १९७४ मध्ये जिचा सांगाडा सापडला ती आदिमानव ‘ल्युसी’ ३.२ सेंटिमीटरवर. शेवटचा टी-रेक्स ६६ सेंटिमीटरवर, स्टेगोसॉरस तर थेट दीड मीटरवर.

‘आणि आजोबा?’
‘पेन्सिलच्या रेघेहूनही कितीतरी बारीक.’

त्याने ल्युसी आणि टी-रेक्समधल्या कोऱ्या कागदावरून तळहात फिरवला. एकदा, परत एकदा. मग म्हणाला, ‘मग व्हिडिओत पळतात ती माणसं कोण?’
‘नट.’
तो खो खो हसला. त्या हसण्यापुढे मी काही समजावायला गेले नाही.

टॅबलेट परत द्या, फक्त आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारी सोय बंद करा. हल्ल्यांचे व्हिडिओ एकामागून एक येतात ते तिच्यामुळे. वीस मिनिटं शेजारी बसा. ‘डायनासोरची लढाई’ऐवजी ‘जीवाश्म कसे काढतात’ असं शोधा. स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आदिमानवांच्या कवट्या बोटाने फिरवून बघता येतात. प्रत्येक चित्रापाशी विचारा: यातलं हाड सापडलंय किती, चित्रकाराने भरलंय किती? ल्युसीचा सांगाडा जेमतेम ४० टक्के मिळाला. कातडीचा रंग तर बहुतेक वेळा अंदाजच. झोपण्याआधीचा तास मात्र पडद्याविना.

पट्टी पलंगाशेजारी, मुलाच्या उंचीवर लावा. ‘आज’चं टोक उशीकडे.